ठेवू नका, आणि ठेवलाच असेल तर रात्री गुपचूप सोडूनही देऊ नका : घरातल्या जंगली अन् विदेशी प्राण्यांचं काय करायचं

आपल्याकडे खेड्यात जंगली प्राणी घरात येतो तो काही कोणी ठरवून आणत नाही, तो टोपलीतून येतो. तूर कापताना रानमांजराची पिल्लं सापडतात, मोहफुलं वेचायला गेलेल्याला झुडपात चितळाचं पाडस दिसतं, पोट्टे ढोलीत हात घालून पोपटाची पिल्लं काढतात, नाहीतर कोणी धुऱ्यावरची लांडोरीची अंडी उचलून आणतो आणि कोंबडीखाली ठेवतो. आणि आता दुसरा रस्ता मोबाईलचा निघालाय, ग्रुपवर फोटो बघायचा, ऑनलाइन पैसे टाकायचे, आणि दोन दिवसांनी ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून खोक्यात इग्वाना (मोठा विदेशी सरडा) नाहीतर कोन्युअर (छोटा विदेशी पोपट) हजर, तेही तालुक्याच्या ठिकाणी.

दोन्ही केसमध्ये पुढची गोष्ट सारखीच असते. दोन-चार महिने मजा, फोटो, शेजारीपाजारी बघायला येतात. मग प्राणी मोठा होतो, चावतो, किंवा कोणीतरी सांगतं की अरे फॉरेस्टवाले आले तर आत टाकतील, आणि मग घाबरून माणूस एका रात्री बाइकवर पोतं घेऊन निघतो आणि नाल्याकाठी सोडून येतो. हे सोडून देणंच सगळ्यात वाईट. माणसाच्या हातचं खाऊन वाढलेला प्राणी जंगलात जगत नाही, आणि जगलाच तर फिरून गावातच येतो, कारण त्याच्या डोक्यात माणूस म्हणजे जेवण. म्हणून हे सगळं नीट लिहितोय, कोणत्या वेळी काय करायचं ते.

आधी बघा, तुमच्याकडे नेमकं काय आहे

सगळ्यात पहिले हे ठरवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे. तीन गठ्ठे आहेत असं समजा.

पहिला गठ्ठा आपले इथले जंगली प्राणी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. बिबट, अस्वल, खवल्या मांजर, घोरपड, मोर, अजगर हे तर अनुसूची एकमध्ये आहेत म्हणजे सगळ्यात कडक. पण लोकांना वाटतं वाघ-बिबट सोडून बाकी सगळं चालतं, तर तसं नाही बाप्पा. आपला साधा हिरवा, गळ्यात कंठी असलेला पोपट, जो अर्ध्या गावात पिंजऱ्यात 'मिठू मिठू' करत बसलेला असतो, तोसुद्धा अनुसूची दोनमध्ये आहे. पिंजरा बाजारातून आणला, पोपट आजोबांच्या काळापासून आहे, आम्ही त्याला पोरासारखं ठेवतो, यातलं काहीही कायद्यापुढे चालत नाही. चितळ, रोही म्हणजे नीलगाय, ससा, तितर, कासव, सगळे यादीत आहेत.

आणि कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, फासे लावणं, पक्ष्यांची घरटी आणि अंडी हलवणं हेही शिकारीतच येतं. म्हणजे लांडोरीची अंडी कोंबडीखाली ठेवणारा भाऊ स्वतःला मोराचा रक्षक समजत असला तरी कागदावर तो शिकारी होतो. अनुसूची एकमधल्या प्राण्याच्या शिकारीला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर किमान २५,००० दंड. बाकीच्या बऱ्याच गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुसरा गठ्ठा विदेशी प्राणी ज्यांच्यावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचं बंधन आहे, साइट्स म्हणतात त्या कराराला. मकाव, आफ्रिकन ग्रे पोपट, काकाकुआ, सन कोन्युअर, ग्रीन इग्वाना, बॉल पायथन, मार्मोसेट माकड हे सगळे यात येतात. दुरुस्तीनंतर हे आपल्या कायद्याच्या अनुसूची चारमध्ये आले. यांना पाळणं सरसकट बंद नाही, पण नोंदणी पाहिजे, त्याबद्दल खाली सांगतो.

तिसरा गठ्ठा ज्यांना हे काही लागू नाही. बजरीगर म्हणजे ते छोटे लव्हबर्ड म्हणून विकतात ते, कॉकॅटील, पीच-फेस लव्हबर्ड, आणि अर्थात कुत्रं, मांजर, कोंबडी, बदक. पोराला पक्षीच पाहिजे असेल तर इथून घ्या आणि हे सगळं वाचायचं सोडून द्या.

वावरात पिल्लू सापडलं तर पहिला एक तास

यावर जास्त लिहितो, कारण विदर्भात निम्म्याहून जास्त भानगड इथूनच सुरू होते आणि इथंच थांबवता येते.

पहिली गोष्ट, पिल्लू एकटं दिसलं म्हणजे अनाथ नसतं. चितळीण आणि रोहीण पाडसाला झुडपात, गवतात दडवून चरायला जाते, पाडूस हलत नाही, आवाज करत नाही, आणि आपल्याला वाटतं बिचारं सोडून गेली. ती सोडून गेलेली नसते, ती लांब उभी राहून तुमच्या जाण्याची वाट बघत असते. तुम्ही उचललं की मग ते खरंच अनाथ झालं. हात लावू नका, कुत्री असतील तर कुत्र्यांना बांधा, आणि त्या पट्ट्यातलं काम तेवढं एक दिवस बाजूला ठेवा.

मांजरवर्गीय पिल्लं सापडली तर आधी घाबरतात सगळे, 'बिबट्याची पिल्लं!' म्हणून बोंब होते, सगळा गाव गोळा होतो, पोट्टे कडेवर घेऊन फोटो काढतात. खूपदा ती रानमांजराची असतात, कधी वाघाटीची. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर फिक्कट पट्टे असतात, शेपटी आखूड आणि तिच्या टोकाला काळे कडे. वाघाटीच्या अंगावर ओळीत ठिपके असतात आणि ती पूर्ण मोठी झाली तरी दीड किलोच्या आसपास, त्यामुळे लोक हमखास फसतात. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे अंगाच्या मानाने जाड दिसतात आणि ठिपके अगदी जन्मापासून असतात. पण खरं सांगू, तुम्ही ओळखायच्या भानगडीत पडूच नका. लांबून मोबाईल झूम करून दोन फोटो काढा, बीट गार्डला म्हणजे तुमच्या भागाच्या वनरक्षकाला पाठवा आणि मागे व्हा. पिल्लं बिबट्याची असतील तर त्यांची आई पन्नास-शंभर मीटरवरच्या पऱ्हाटीत बसलेली असू शकते, आणि तेव्हा फोटो काढणाऱ्या पोट्ट्यांचं काय होईल हे सांगायची गरज नाही.

फॉरेस्टवाले आले की ते काय करतात हे माहीत असू द्या, म्हणजे गावातले लोक मध्ये मध्ये करणार नाहीत. डॉक्टर पिल्लं तपासतो, ठीक असतील तर जिथं सापडली तिथंच संध्याकाळी एका क्रेटमध्ये किंवा खोक्यात ठेवतात, जवळ ट्रॅप कॅमेरा लावतात, आणि सगळे निघून जातात. आई रात्री येऊन एक एक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. कधी पहिल्या रात्री येते, कधी दुसऱ्या. यात नापास व्हायचं एकच मोठं कारण, ते म्हणजे गावातले बॅटऱ्या घेऊन बघायला येणारे लोक. त्या रात्री पाणी द्यायला वावरात जायचं असेल तर नका जाऊ, लाइन रात्रीचीच असली तरी एक दिवस जाऊ द्या.

समजा आई खरंच मेली, रोडवर गाडीखाली आली आणि पिल्लू तिच्याजवळ बसलंय, तर उचलावं लागतं. तेव्हा जाड गोधडी किंवा पोतं टाकून उचला, उघड्या हातांनी नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून ठेवा नाहीतर कोंबड्या झाकायचं डालं घ्या, वरून कापड टाका म्हणजे अंधार होईल, आणि घरातल्या सगळ्यात शांत खोलीत ठेवा. टीव्ही नाही, लेकरं नाहीत, कुत्रं नाही. हरणाच्या पाडसाला तर धावपळ आणि भीतीनेच मरण येतं, पकडाधरीचा ताण इतका बसतो की स्नायू आणि हृदय काम देत नाही, सकाळी चांगलं दिसलेलं पाडूस संध्याकाळी मेलेलं असतं आणि लोकांना कळत नाही की आपण तर दूधही पाजलं होतं.

दुधावरून आठवलं, गाईचं दूध पाजू नका. ही सवय आपल्याकडे फार वाईट आहे, काहीही सापडलं की वाटीत दूध. जंगली पिल्लाला ते पचत नाही, हगवण लागते आणि त्यातच जातं. शिवाय झोपवून बाटलीने पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं. काही तास उपाशी राहिलं तर बहुतेक पिल्लं मरत नाहीत, चुकीचं पाजलं तर मरतात. थंडीच्या दिवसांत ऊब मात्र द्या, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून बाजूला ठेवा.

फोन कोणाला करायचा? वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६, हॅलो फॉरेस्ट. तो लागला नाही तर ११२ वर सांगा, पोलीस पुढे कळवतात. बीट गार्डचा नंबर गावातल्या पोलीस पाटलाकडे असतोच, आणि ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांत असाल तर पीआरटीची म्हणजे प्रायमरी रिस्पॉन्स टीमची पोरं असतात, ती सगळ्यात आधी पोचतात. सांगताना प्राणी काय, कुठं, किती वाजता सापडला, कोणी हात लावला, काही खायला घातलं का, हे सगळं खरं सांगा. खाऊ घातलं असेल तर लपवू नका, डॉक्टरला ते माहीत असणं गरजेचं आहे.

घरात आधीपासून ठेवलेला असेल तर

इथं लोकांची हातभर फाटते, म्हणून सरळ बोलतो. स्वतःहून दिला तर माफी मिळेलच असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. पण धाडीत सापडलेला माणूस आणि स्वतः रेंज ऑफिसला जाऊन 'साहेब, हा प्राणी माझ्याकडे आहे, घेऊन जा' म्हणणारा माणूस, या दोघांकडे बघायची अधिकाऱ्याची नजर वेगळी असते. जाताना एकटं जाऊ नका, सरपंच किंवा पोलीस पाटील सोबत घ्या, साधा अर्ज लिहून न्या, प्राणी कसा आला, कधीपासून आहे, काय खातो, आजारी आहे का, आणि त्याची एक प्रत शिक्का मारून घ्या. ही शिक्क्याची प्रत जपून ठेवायची. प्राणी घेऊन जाऊ नका बरं का, आधी माणसाने जायचं. तुम्ही पिंजरा घेऊन एसटीत बसलात तर वाहतुकीचा गुन्हा वेगळा होतो.

पुढे तो प्राणी जातो कुठे, हे बऱ्याच जणांना विचारायचं असतं कारण जीव लागलेला असतो. नागपूरला सेमिनरी हिल्सवर ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथं तपासणी आणि उपचार होतात, चंद्रपूरलाही तसं केंद्र आहे. मोठे प्राणी, म्हणजे बिबट, अस्वल, वाघ हे गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरला जातात. वर्ध्याला पिपरी मेघेला करुणाश्रम आहे, तिथंही जखमी आणि अनाथ प्राणी सांभाळतात. पोपटासारखे पक्षी उडू शकत असतील तर काही आठवडे मोठ्या पिंजऱ्यात उडायची सवय लावून सोडतात. पंख कापलेला असेल तर नवीन पीस यायची वाट बघावी लागते, म्हणून फोन केल्यावर लगेच दारात उडवून टाका असं कोणी सांगितलं तरी तसं करू नका, कावळे आणि शिकरा संध्याकाळपर्यंत संपवतात.

'आम्ही हेमलकसाला बघितलं, तिथं बिबटे माणसासोबत फिरतात, मग आम्ही का नाही' असं म्हणणारा एक तरी भेटतोच. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा. तिथं डॉ. प्रकाश आमटे यांनी प्राणी जमवले ते हौस म्हणून नाही, शिकारीत आई मेलेल्या माकडाच्या पिल्लापासून ते सुरू झालं, आणि आता सगळं सेंट्रल झू अथॉरिटीच्या नियमांखाली चालतं. आयुष्य त्यात घातलेल्या कुटुंबाचं काम आणि तुमचं दहा बाय दहाचं टिनाचं शेड यात फरक आहे, तो फरक फोटोत दिसत नाही.

कोणता प्राणी कधी उलटतो

अस्वलाचं पिल्लू सगळ्यात फसवं. अस्वलीण थंडीत गुहेत, बिळात वीते आणि मोहफुलांच्या दिवसांत पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये आपली गाठ पडते. लहानपणी ते काळं केसाळ गोजिरवाणं दिसतं, हाताची बोटं चोखतं, मागे मागे येतं. वर्षभरात त्याची नखं बोटभर लांब होतात आणि ते खेळताना सुद्धा तोंडावर पंजा मारतं, कारण अस्वल तसंच खेळतं. आपल्या लहानपणी अस्वलवाले यायचे ना गावात, दोरी नाकातून ओवलेली, त्या अस्वलाचे दात पाडलेले असायचे आणि नाक तापल्या सळईने भोसकलेलं असायचं, तेव्हा कुठं ते 'माणसाळायचं'. १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट, सिंह यांचे खेळ करायला बंदी आली आणि २००९ पर्यंत रस्त्यावरची नाचणारी अस्वलं जवळपास संपली.

वानराचं पिल्लू चार-पाच वर्षं चांगलं असतं. नर वयात आला की घरातल्या सगळ्यात अशक्त माणसावर दादागिरी सुरू करतो, म्हणजे लहान पोरं आणि म्हातारी आजी. सुळे इंचभर असतात. साखळीने बांधलेलं वानर तर जास्त वाईट चावतं.

साप पाळणारे वेगळेच. सर्पमित्र म्हणवून घेणाऱ्या काही पोरांच्या घरी बरण्यांत, माठात नाग-घोणस भरून ठेवलेले असतात, 'उद्या सोडू' म्हणत. साप पकडल्यावर वनविभागाला कळवून त्याच भागात लवकरात लवकर सोडायचा, साठवायचा नाही. जत्रेत गळ्यात अजगर घालून फोटो काढणारा दिसला तरी पैसे देऊ नका, तो अनुसूची एकचा प्राणी आहे. गारुड्याच्या नागाचे दात काढलेले आणि कधी कधी तोंड शिवलेलं असतं, तो दूध पीत नाही, तहानेने मरायला टेकलेला असतो म्हणून तोंड लावतो.

मांडूळ, २१ नखी कासव, खवल्या मांजर, घुबड, हे 'पैशाचा पाऊस' पाडायला ठेवतात. यावर दोन शब्द पुरे. पाऊस पडत नाही, आणि यातला गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस बरेचदा पोलिसांचाच असतो.

एमू आठवतात का? दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्याकडे किती शेतकऱ्यांनी कुंपण घालून एमू पाळले, पक्षी आम्हीच परत विकत घेऊ म्हणून कंपन्यांनी सांगितलं, तेलाला परदेशात भाव आहे म्हणाले, मग बाजारच नव्हता आणि खायला घालायला पैसे उरले नाहीत तेव्हा कुंपणं उघडून दिली लोकांनी. माणसाएवढा उंच, चाळीस-पन्नास किलोचा पक्षी, लाथ समोरच्या दिशेने मारतो आणि नखाने पोट फाडू शकतो. असा कुठं सुटलेला दिसला तर समोर उभं राहू नका, कोपऱ्यात कोंडू नका. आता हेच कुणी शहामृग किंवा दुसरं काही घेऊन आलं, 'बायबॅक' म्हणालं, की आधी विचारा, मागच्या वर्षी तू कोणाकडून परत घेतलेस, त्याचा पत्ता दे.

विदेशी प्राणी घ्यायचाच असेल तर

मी घेऊ नका म्हणेन. पण लोक घेतातच, म्हणून घेण्याआधी हे करा.

कागद मागा. नुसतं बिल नाही, त्या प्राण्याची नोंदणी विकणाऱ्याच्या नावावर आहे का ते बघा. २०२० मध्ये केंद्राने सहा महिन्यांची मुदत देऊन विदेशी प्राणी जाहीर करा म्हटलं होतं, कागद नसले तरी तेव्हा चाललं. ती मुदत गेली. त्यानंतर २०२४ च्या फेब्रुवारीत नवीन नियम आले, अनुसूची चारमधल्या जिवंत प्राण्यांची नोंद परिवेश या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर मुख्य वन्यजीव रक्षकाकडे करावी लागते. जन्म, मृत्यू, दुसऱ्याला देणं, हे सगळंही कळवावं लागतं. 'भाऊ, कागद मागून देतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, तो कागद कधीच येत नाही आणि प्राणी चोरीच्या वाटेने आलेला असतो. दुकानातून घेत असाल तर २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे त्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी पाहिजे, भिंतीवर लावलेली असते, बघायला लाजू नका.

मग आपल्या उन्हाचं बघा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला, मे महिन्यात ४५-४६ सहज जातं. टिनाखाली पिंजरा असेल तर आतलं तापमान त्याहून जास्त. मकावला किंवा कोन्युअरला दुपारी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकताना बघितलं की समजा त्याचा जीव चाललाय. वाळ्याच्या ताट्या, कूलर आणि लाइन गेली तर इन्व्हर्टर, एवढं जमत असेल तरच. इग्वाना उन्हाचाच प्राणी आहे म्हणून लोक त्याला छतावर ठेवतात, पण त्यालाही सावलीत पळायला जागा पाहिजे, चाळीसच्या वर तोही शिजतो. आणि उलट घरात अंधाऱ्या खोलीत ठेवून पोळी-भात खाऊ घातला तर त्याची हाडं मऊ पडतात. खालचा जबडा दोन बोटांनी हळूच दाबून बघा, रबरासारखा वाकला तर आजार बराच पुढे गेलाय, पाठीला कुबड येतं, मागचे पाय ओढायला लागतो. त्याला पालेभाजी, शेवग्याचा पाला, जास्वंद हे पाहिजे आणि काचेतून गाळलेलं नाही तर थेट सकाळचं ऊन. पूर्ण वाढला की शेपटीसकट पाच-सहा फूट होतो आणि शेपटीचा फटका चाबकासारखा बसतो, हे विकणारा सांगत नाही, तो वीतभर पिल्लू दाखवतो.

डॉक्टर कुठं आहे? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातला डॉक्टर म्हैस, शेळी, बैल यात हुशार असतो, त्याला मकावच्या फुफ्फुसाचं विचारणं त्याच्यावर अन्याय आहे. असल्या प्राण्यासाठी नागपूरला जावं लागतं, पशुवैद्यकीय कॉलेज तिथं आहे. घेण्याआधीच तिथं फोन करून विचारा की हा प्राणी बघाल का. आणि मकाव पन्नास वर्षं जगू शकतो, म्हणजे तुमच्या मागे तो कोणाला सांभाळायचाय हे सुनेला विचारून ठेवा, आता हसाल पण नंतर भांडण यावरच होतं.

पिंजऱ्याला दोन दारं करा, एकामागे एक, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा. एक बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. कोंबड्यांची पातळ जाळी चालत नाही, वेल्डमेशच लागते. कच्चं चिकन कोणत्याही मांसाहारी प्राण्याला घालताना जपा, २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने गेले, जिथं डॉक्टर चोवीस तास आहेत तिथं ही गत.

लाल कानाचं छोटं कासव, शहरातून पोरं काचेच्या भांड्यात आणतात ते, त्याबद्दल हात जोडून सांगतो, मोठं झालं की गावच्या मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावात सोडू नका. भंडारा-गोंदियाकडचे हे तलाव आधीच गाळाने आणि इकॉर्नियाने म्हणजे जलपर्णीने भरलेत, त्यात आपल्या कासवांच्या तोंडचं खाणारं एक बाहेरचं कासव कशाला. थाई मांगूर माशाचंही तेच, त्याच्यावर २००० पासून बंदी आहे तरी शेततळ्यात टाकतात आणि पुरात तो नाल्यातून नदीत जातो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत पाळलेले बर्मी अजगर सुटले आणि सोडले गेले, आता तिथले ससे-रॅकून काही भागांत दिसेनासे झाले आणि सरकार अजगर पकडायच्या स्पर्धा घेतं. आणि त्या लाल कानाच्या कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतूही असतात, लेकरं हात न धुता जेवतात, म्हणून अमेरिकेत चार इंचापेक्षा लहान कासव विकायला १९७५ पासून बंदी आहे.

शेजाऱ्याकडे किंवा कोणाच्या फार्महाऊसवर असेल तर

भांडायला जाऊ नका, व्हिडिओ काढून व्हायरल तर अजिबात करू नका, व्हायरल झाला की रातोरात प्राणी हलतो किंवा मरतो. जागा, प्राणी, किती दिवसांपासून, एवढं लिहून १९२६ वर किंवा उपवनसंरक्षकांच्या ऑफिसात सांगा आणि नाव गुप्त ठेवायला सांगा. मोठा मांसाहारी प्राणी सुटलाच तर लेकरं आणि जनावरं आत घ्या, गर्दी करू नका, दगड मारू नका, पळू नका. २०११ मध्ये अमेरिकेत ओहायोत एका माणसाने आपल्या खासगी फार्मवरचे पिंजरे उघडून दिले, पोलिसांना अंधारात एकट्या बंगाल वाघांपैकी १८ गोळ्या घालून मारावे लागले. बेशुद्ध करायची वेळच नव्हती, कारण डार्ट मारल्यावर औषध चढायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्यात वाघ गावात पोचतो.

चावलं, ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, हळद-चुना-तिखट काही भरू नका, आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात रेबीजची लस चालू करा, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन पण विचारा. वानर, अस्वल, कोल्हा, मांजर, सगळ्यांना हेच. साप चावला तर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, पाय हलू न देता सरळ दवाखाना. आपल्याकडचं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांसाठी बनतं, कोणी हौशीने विदेशी विषारी साप आणला असेल तर त्याच्यावर ते काम करेल असं धरून चालू नका.

आणि प्राणी घरातच मेला तर पुरू नका, जाळू नका, नखं-दात-शिंगं-कातडं तर बिलकुल काढून ठेवू नका. मेलेला जंगली प्राणी पण सरकारची मालमत्ता असतो, फोन करून पंचनामा करून द्यायचा. नोंदणीचा विदेशी प्राणी असेल तर पोर्टलवर मृत्यू कळवायचा आणि पोस्टमॉर्टेमचा कागद फाइलला लावायचा, नाहीतर दोन वर्षांनी तपासणीला आलेला माणूस विचारतो, मकाव कुठंय, आणि तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं.